दाखवायची कुऱ्हाड

घण उचलण्याआधी माझी लेक भिंगरी कुठे आहे ते बघायचं. मग पाय रोवायचे, श्वास घ्यायचा आणि मग उचलायचा. सासूबाईंनी मला घण शिकवला तेव्हा पायांचं आणि श्वासाचं त्यांनी सांगितलं होतं. भिंगरीचं मी माझ्या मनानं वाढवलं. ती चालायला लागल्यापासून तिच्या कमरेला माझी कॉलेजातली ओढणी बांधलेली असायची आणि ओढणीचं दुसरं टोक सासूबाईंच्या खाटेच्या पायाला. खाट भट्टीच्या छपराखाली, पार टोकाला, ठिणगी पोचणार नाही अशी. तरी दर घावाआधी मी बघायचेच.

"अगं, पोरगी काय पळून जातेय?" नवरा म्हणायचा. "लोखंड गार व्हायला लागलं. मार."

भट्टीचं काम दोघांचं. एका हातात लोखंड पकडायची सांडस आणि दुसऱ्यात लहान हातोडी असते तो लोहार. त्यानं हातोडीनं टक् करून जागा दाखवायची, घण मारणाऱ्यानं तिथेच मारायचं. टक्, धाड. टक्, धाड. तोंडानं बोलायची गरज नाही. आणि हातोडी ऐरणीवर आडवी पडली की थांबायचं. घण हवेत असला तरी वळवायचा, बाजूच्या मातीत घालायचा, पण खाली आणायचा नाही; हातोडी आडवी म्हणजे लोहाराचा हात तिथे आहे. सासूबाईंनी हे मला रिकाम्या ऐरणीवर शिकवलं. मध्येच हातोडी आडवी टाकायच्या आणि माझा घण वळला नाही की पाठीत धपाटा. "त्याचा हात तुटला तर खाणार काय, तुझी पुस्तकं?" त्यांचा स्वतःचा खांदा निकामी झाला म्हणून घण माझ्याकडे आला. बी.ए.चा निकाल आणि तळहाताला पहिला फोड, दोन्ही एकाच महिन्यातले.

त्या हंगामात कापणीला यंत्र आलं. सकाळी एका बांधावरून शिरायचं आणि ऊन डोक्यावर येईपर्यंत सगळं शेत मोकळं. दरवर्षी कापणीच्या तोंडावर विळ्यांना धार लावायला आमच्या छपराबाहेर बायकांची रांग लागायची. त्या वर्षी एक म्हातारी आली, तीही कात्रीचा स्क्रू बसवायला. केलेले विळे भिंतीला तसेच टांगलेले राहिले आणि कोळ्यांनी त्यांच्यात जाळी धरली. नवरा सकाळी भट्टी पेटवायचा, तिच्यासमोर बसायचा आणि विझवायचा. रिकामा बसला की त्याच्या दंडाची शीर उडायची.

तेवढ्यात धाकटा दीर शहरातून परत आला. मोबाइलच्या दुकानात होता, मालकाशी भांडून आला. सोबत एक फोन, एक तीन पायांचा स्टँड आणि बोलण्यात नवी घाई. थोडे दिवस लोळून काढल्यावर एका सकाळी त्यानं स्टँड ऐरणीसमोर उभा केला.

"दादा, नेहमीसारखं काम कर. वहिनी, पदर खोचलेला असू दे. कॅमेऱ्याकडे बघू नका. हं, आता!"

मी भिंगरीकडे बघितलं आणि घण उचलला.

ती पहिली रील. दोन दिवसांत कुठल्या कुठल्या माणसांनी मला घण मारताना बघितलं. नवरा फोन हातात घेऊन उंबऱ्यावर बसला होता आणि वाढणाऱ्या आकड्याकडे भरलेल्या ताटाकडे बघावं तसा बघत होता. "सात पिढ्यांत एवढी माणसं आपल्या दारात आली नसती," तो म्हणाला. मग त्यानं कमेंट वाचून दाखवायला सुरुवात केली. कुणी मला वाघीण म्हटलं होतं. कुणी विचारलं होतं, लोहारा, घण तिच्या हातात दिलास, मग तुझ्या हातात काय उरलं? त्याखाली हसणाऱ्या तोंडांची रांग. त्याच्याखालचं त्यानं मोठ्यानं वाचलं नाही.

दीर हसला. नवराही हसला, जरा उशिरा.

दुसऱ्या दिवशी माझा एक घाव बोटभर चुकला. त्यानं सांडस फिरवून तिची मूठ माझ्या नडगीवर मारली. "लोकांना दाखवायला ताठ उभी राहतेस. इथे वाकायला काय होतं?" माझ्या डोळ्यांपुढे पांढरं झालं. टक्, त्यानं जागा दाखवली. मी मारलं. नडगीवरचं टेंगूळ निळं झालं, मग पिवळं. ते दिसू नये म्हणून दिरानं स्टँड थोडा वर घेतला.

ऑर्डरी यायला लागल्या हे मात्र खरं. विळे नकोत कुणाला. कुऱ्हाडी हव्यात, खाटकाचे सुरे हवेत, हातभर लांबीची पाती हवीत, जी कुठल्या स्वयंपाकघरात मावायची नाहीत. दीर पार्सलं बांधायचा. "वहिनी, मार्केटिंग म्हणजे काय माहितेय? माणसाला जे नको असतं ते त्याला तीनदा दाखवायचं." शेवटी पातं चालवून दाखवायचं, हे त्यानंच काढलं. आधी भोपळा कापला. मग दोरखंड. मग लोकांनी लिहिलं, भोपळा आमची आजीपण कापते, हाड तोडून दाखव. मग खाटकाकडून बोकडाचं मुंडकं आलं. नवऱ्यानं ते ओंडक्यावर ठेवलं आणि एका घावात दोन केलं. कवटीचा एक तुकडा उडून माझ्या गालाला लागला. बोकडाचा डोळा उघडाच होता. भिंगरी खाटेवरून टाळ्या वाजवत होती, कारण दीर वाजवत होता.

"पुन्हा!" ती ओरडली. तिला नुकतं बोलता यायला लागलं होतं आणि हा शब्द तिला फोननं शिकवला होता.

"आई, तिचं तोंड तिकडे करा ना," मी सासूबाईंना म्हटलं.

"केलं की मान वळवते. चावते मला," त्या म्हणाल्या.

लोखंड जळायला लागलं ते इथून पुढे.

कुऱ्हाडीचं पोलाद डाळिंबासारखं लाल झालं की काढायचं, हे आमच्या घरात भिंतीलाही माहीत. त्याहून जास्त तापवलं की ते पिवळं होतं, मग पांढरं, मग त्याच्याच अंगातून ठिणग्या सुटतात. ते जळलेलं लोखंड. दिसायला चांगलं राहतं, धारही घेतं, पण आतून बिस्किटासारखं होतं. पण भर दिवसा फोनमध्ये डाळिंबी लाल दिसायचंच नाही, गंजल्यासारखं दिसायचं.

"दादा, हे मरतुकडं आहे. पांढरं कर. ठिणग्या हव्यात."

"जळेल ना."

"जळू दे. विकायचं कुठे आहे? दाखवायचं आहे."

"संध्याकाळी करू मग. अंधारात लालच छान दिसतं."

"संध्याकाळी लोक क्रिकेट बघतात."

नवऱ्यानं भट्टीच्या पंख्याचं बटण पूर्ण फिरवलं. कोळसा घुमायला लागला. लोखंड बाहेर आलं तेव्हा त्याच्याकडे बघवत नव्हतं. त्यातून फुलझडीसारख्या ठिणग्या उडत होत्या. मी मारलं. घणाखाली नेहमीचा आवाज आला नाही. ओल्या लाकडावर मारल्यासारखं भद्द झालं.

खाटेवरून, भिंतीकडे तोंड करून पडलेल्या सासूबाई म्हणाल्या, "जळलं ते."

"माहितेय, आई!" नवरा ओरडला.

त्या रीलनं आधीच्या सगळ्या रीलना मागे टाकलं.

मग घरात दोन प्रकारचं काम सुरू झालं. विकायचं आणि दाखवायचं. विकायचं कॅमेरा नसताना, लाल रंगावर. दाखवायचं कॅमेऱ्यासमोर, पांढऱ्यावर. दाखवायची पाती दीर घासूनपुसून मागच्या भिंतीला लावायचा. रोज व्हिडिओत मागे दिसायला ती चांगली. एकदा पार्सल बांधताना त्यानं भिंतीवरची एक कुऱ्हाड काढली.

"ती जळकी आहे, भावजी," मी म्हटलं.

"गिऱ्हाइकाला तीच पाहिजे. व्हिडिओत बनताना बघितली तीच. दुसरी पाठवली तर ओळखतो, दांड्याची गाठसुद्धा ओळखतो."

"तुटेल ती."

"तो काय लाकडं तोडणार आहे? दिवाणखान्यात लावणार." मग नवऱ्याकडे बघून, "दादा, वहिनी इंजिनिअर झाल्या."

नवऱ्यानं माझ्याकडे बघितलं नाही. मी चहाचे कप गोळा करत होते. त्यानं नुसता पाय पुढे केला, मी अडखळले, कप फुटले. "बघून चाल," तो म्हणाला. दीर हसत होता. काचा वेचताना मी आधी भिंगरीची ओढणी किती लांब पोचते ते मोजलं.

आमचा कोळसा झाडवाल्याकडून यायचा. झाडं तोडणारा माणूस. सगळे त्याला झाडवालाच म्हणायचे. आमच्या कुऱ्हाडींचे दांडेही तोच तासून द्यायचा. एका दांड्यातून उरलेल्या तुकड्याची त्यानं भिंगरीला बाहुली करून दिली होती. हात नसलेली, नुसतं डोकं आणि धड, पण हसरी. "वहिनी, हात नाही केले. हात आले की मारामाऱ्या करतात," तो म्हणाला होता. भिंगरी ती बाहुली कुशीत घेऊन झोपायची.

तो आला तेव्हा नवरा आणि दीर दोघंही छपरात होते. त्याची जुनी कुऱ्हाड झिजून निम्मी झाली होती.

"नवी दे रे लोहारा. पण ती दे, मोबाइलमधली. माझ्या बायकोनं सगळ्यांना दाखवलीय. ठिणग्या उडतात ती."

"तुला दुसरी करून देतो. उद्या ये," नवरा म्हणाला. हे तो म्हणाला, ते मी ऐकलं आहे.

"का? परगावच्यांना पाठवतोस, आम्हाला नाही? आम्ही काय फॉलोअर नाही?" झाडवाला भिंतीशी गेला आणि हातानंच एक कुऱ्हाड काढली. उलटी-पालटी केली, अंगठ्यानं धार बघितली. "ही बघ. हीच ती. हिच्या वेळी वहिनींनी निळी साडी नेसली होती."

"अरे, ती..." नवरा म्हणाला आणि थांबला. दिरानं फोन वर धरला होता. "दादा, थांब, हे घेऊ. गावातलं गिऱ्हाईक. हं, आता!"

आता तो काय म्हणणार? आपल्याच भिंतीवरची कुऱ्हाड जळकी आहे म्हणणार? नवऱ्यानं झाडवाल्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि कॅमेऱ्याकडे बघून हसला.

मी ऐरणीपाशी होते. झाडवाल्याला म्हटलं, "दादा, ती नका नेऊ."

झाडवाला वळला. "का, वहिनी?"

नवऱ्याच्या हातात सांडस होती, भट्टीतून नुकतीच काढलेली. त्यानं ती सहज बाजूला ठेवल्यासारखी माझ्या दंडावर टेकवली. क्षणभरच. मी ओरडले नाही, कारण भिंगरी बघत होती. कातडीचा वास आला. "हिला ती साडी आठवली असेल," नवरा म्हणाला, "फार आवडती तिची." झाडवाला हसला आणि कुऱ्हाड खांद्यावर टाकून गेला. मी दोणीतल्या पाण्यात हात खांद्यापर्यंत बुडवून उभी राहिले.

मग भिंगरीची पाळी आली.

"लहान पोर ऐरणीशेजारी, हातात छोटी हातोडी," दीर सांगत होता. "दादा, लिहून देतो, देशभर जाईल."

"नाही," मी म्हटलं.

"तुला विचारलं कुणी?" नवरा म्हणाला.

"पांढऱ्या लोखंडाच्या ठिणग्या कुठवर उडतात माहितेय तुम्हाला. माझ्या पोलक्याला भोकं पडलीत. तिचे डोळे आहेत ते."

"चष्मा घालू," दीर म्हणाला. "गॉगल. आणखी गोड दिसेल."

मी भिंगरीला उचलून आत गेले आणि कडी लावली. नवऱ्यानं दार एका लाथेत उघडलं. दार त्याच्याच बापानं केलेलं, भक्कम, पण कडी बारीक. त्यानं माझे केस मनगटाभोवती गुंडाळले आणि मला उंबऱ्यावरून ओढत बाहेर आणलं. माझ्या काखेत भिंगरी होती. ती रडत नव्हती. माझ्या खांद्यावरून ती काकाकडे बघत होती, काका फोन धरतोय का ते.

त्यानं तिला माझ्या हातातून काढलं आणि ऐरणीजवळच्या स्टुलावर बसवलं. डोळ्यांवर प्लॅस्टिकचा लाल गॉगल. हातात हातोडी. ओढणीचं टोक सुटून जमिनीवर पडलं होतं.

"लाइव्ह जातोय," दीर म्हणाला. "वहिनी, तोंड पुसा. भिंगरी, काका काय म्हणतो? हं..."

"आता!" भिंगरी म्हणाली.

पण लोखंड अजून भट्टीतच होतं तेवढ्यात रस्त्यावर टेंपो थांबला.

पुढे झाडवाल्याचा थोरला भाऊ होता, टेंपो त्याचाच. मागे झाडवाल्याची बायको, आणि तिच्यामागे गावातली माणसं, जेवढी एवढ्या वेळात गोळा होतात तेवढी. बायकोनं पदरात काहीतरी धरलं होतं. तिच्या चोळीवर वाळलेलं रक्त होतं. ती ऐरणीपाशी आली आणि पदर सोडला. कुऱ्हाडीचे दोन तुकडे ऐरणीवर पडले. तिसरा नव्हता.

"तिसरा त्याच्या डोळ्यात आहे," ती म्हणाली. "डॉक्टर म्हणतात, डोळ्यासकट काढावा लागेल."

मग थोरल्यानं नवऱ्याच्या तोंडावर मूठ मारली. दात तुटल्याचा आवाज मला ऐकू आला. नवरा भट्टीच्या कठड्यावर आपटला, उठला आणि त्यानं पहिली गोष्ट केली ती ही: त्यानं भिंगरीला स्टुलावरून उचललं आणि छातीशी धरलं.

"लेकरू आहे! माझ्या अंगाला हात लावू नका, लेकरू आहे माझ्याकडे!"

थोरल्याची वर गेलेली मूठ तशीच राहिली. भिंगरीच्या गॉगलवर नवऱ्याच्या ओठाचं रक्त सांडलं होतं.

मी मध्ये गेले. मी काही ठरवलं नव्हतं. नवऱ्याचं करंगळीचं बोट धरलं आणि मागे वाकवलं, कडकन वाजेपर्यंत, आणि त्याचा हात सुटला तशी पोर माझ्याकडे घेतली. खाटेपाशी नेली, सासूबाईंच्या मागे भिंतीकडे ठेवली. ओढणी परत बांधली. दोन गाठी मारल्या.

तोवर मागे त्यांनी त्याला पाडलं होतं. थोरला त्याच्या पोटात लाथा घालत होता. मग मानेला धरून त्यानं त्याचं तोंड दोणीत दाबलं, ज्या पाण्यात आम्ही पातं विझवतो त्या काळ्या पाण्यात. बुडबुडे आले. वर काढलं, परत दाबलं. दीर कोपऱ्यात उभा होता. "सोडा त्याला, लाइव्ह चालू आहे! लोक बघतायत!"

"बघू दे," थोरला म्हणाला.

त्यानं परत वर काढलं तेव्हा नवरा खोकत, पाणी ओकत म्हणाला, "लोखंड... चांगलं होतं. घाव हिचे. ऐका, घाव हिचे! बाईचा घाव. एका जागी बसत नाही, म्हणून पोटात भेग राहते. मी किती वेळा सांगितलं हिला. विचारा भावाला."

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. झाडवाल्याची बायकोही. माझे केस सुटलेले होते, दंडावरचा फोड फुटला होता. मला वाटलं, आता माझ्यावर येणार. कुणीतरी म्हणालंच, "बाईच्या हातात घण दिल्यावर आणखी काय होणार?"

सासूबाई खाटेवर उठून बसल्या.

"जन्मभर मीच मारलेत घाव," त्या म्हणाल्या. "त्याच्या बापाच्या हाताखाली. कुणाचा डोळा गेला का? लोखंड जळलं होतं. मी ह्याच जागेवरून सांगितलं होतं त्याला. भिंतीवरची सगळीच जळकी आहेत."

"आई, गप्प बस!"

"दाखवा," झाडवाल्याची बायको म्हणाली. ती भिंतीकडे गेली आणि एक कुऱ्हाड काढून तिनं ऐरणीवर ठेवली. माझ्याकडे बघून म्हणाली, "तुमचे घाव वाईट का लोखंड वाईट, बघू दे सगळ्यांना. मारा."

थोरल्यानं नवऱ्याला उभं केलं आणि त्याच्या हातात सांडस कोंबली. "धर. तुझंच काम आहे ना? नीट धर."

नवऱ्याच्या डाव्या हातात सांडस, उजव्यात हातोडी. करंगळी सुजून बाजूला गेली होती. कुऱ्हाड थंड होती, गारठलेली. त्यानं ती अर्धी ऐरणीवर, अर्धी बाहेर धरली. ती ऐरणीवर किणकिणत होती. दिराचा फोन आमच्याकडे वळला होता. त्याच्या चेहऱ्यावर भीती होती, आणि अंगठा स्क्रीनवर होता.

मी भिंगरीकडे बघितलं. सासूबाईंच्या पाठीमागे ती दिसत नव्हती. पाय रोवले. घण उचलला.

नवऱ्यानं माझ्याकडे बघितलं. त्याला माहीत होतं पातं कसं जाणार. जळकं, थंड, बाहेर लोंबतं ठेवलेलं. घण पडला की ते सरळ फुटत नाही, धरणाऱ्याकडे फुटतं. घण माझ्या डोक्यावर असताना त्यानं हातोडी ऐरणीवर टाकली. आडवी.

मी ती बघितली. माझ्या खांद्यांनाही ती कळली. ते वळायला लागले होते, सवयीनं. मी त्यांना वळू दिलं नाही.

कुऱ्हाड काचेसारखी फुटली. एक तुकडा छपराच्या पत्र्यातून गेला, तिथे उजेडाचं भोक पडलं. एक त्याच्या मनगटात घुसला, आडवा, आतपर्यंत. त्यानं हाताकडे बघितलं. दोन बोटं खाली पडल्यासारखी लोंबली आणि परत वर येईनात. मग रक्त आलं, एकदम, दोणीत, ऐरणीवर, माझ्या पायांवर.

"बिस्कीट," गर्दीतून कुणीतरी हळूच म्हणालं.

झाडवाल्याच्या बायकोनं मान डोलवली. ती रडली नाही. थोरल्यानंच मग आपल्या डोक्याचा रुमाल काढला, नवऱ्याचं मनगट करकचून बांधलं आणि त्याला उचलून टेंपोत टाकलं. "मरू नको," तो म्हणाला. "अजून माझं झालं नाही." हॉस्पिटलात नवऱ्याला झाडवाल्याच्या शेजारची खाट मिळाली, कारण दुसरी मोकळी नव्हती.

दुसऱ्या दिवशी दीर आला तो फोन पुढे धरूनच. "वहिनी, किती लोकांनी बघितलं बघा! आणि ऑर्डरी... लोक विचारतायत, ती फुटलेली कुऱ्हाड मिळेल का. तुकडे. तुकड्यांना मागणी आहे! पुन्हा लाइव्ह कधी जायचं?" मी त्याच्या हातून स्टँड घेतला आणि भट्टीत घातला. प्लॅस्टिकचा वास छपरात राहिला. भिंतीवरची जळकी पाती काढून मी एकेक करून ऐरणीवर फोडली, एकटीनं, तोंडाला फडकं बांधून. तो फोन घेऊन पुढे आला तेव्हा मी घण खाली ठेवला नाही. तो मागे सरकला. संध्याकाळी तो मित्राकडे राहायला गेला.

नवरा घरी आला तो हात गळ्यात बांधून. ती बोटं आता बंद होत नाहीत. तो खाटेवर सासूबाईंच्या जागी पडतो, सासूबाई खाली. आमच्यात बोलणं नाही. तो सारखा माझ्या हातांकडे बघतो. मी ताट ठेवते तेव्हा तो आधी माझे हात कुठे आहेत ते बघतो आणि मग घास घेतो. थोरला अधूनमधून रस्त्यात टेंपो उभा करतो, उतरत नाही, इंजिन चालू ठेवून छपराकडे बघतो आणि जातो. सासूबाई आता धडक्या हातानं सांडस धरायला शिकतायत, मी मारते. विळ्याचं एकच काम आलंय. लाल रंगावर काढलं.

काल दुपारी मी कणीक मळत होते. भिंगरी समोर जमिनीवर. ओढणीची गाठ घट्ट. तिनं बाहुली फरशीवर आडवी ठेवली, झाडवाल्यानं केलेली, आणि पितळेचा डाव दोन्ही हातांनी डोक्यावर उचलला. पाय रोवले, माझ्यासारखे. पण बाहुलीकडे बघितलं नाही. कोपऱ्याकडे बघितलं, जिथे स्टँड असायचा, आणि थोडी हसली. तिथे काहीच नव्हतं. ती वाट बघत राहिली.

"हं, आता," ती स्वतःशीच म्हणाली.

मी पिठाच्या हातानं पुढे सरकले आणि बाहुलीच्या डोक्यावर माझा हात ठेवला.

डाव हवेत थांबला. तिनं माझ्या हाताकडे बघितलं, मग कोपऱ्याकडे, मग परत हाताकडे.

"आई, हात काढ."

डाव जड होता. तिचे दंड थरथरायला लागले होते.

मी हात काढला नाही.